ग्रंथालयातील कर्मचाऱ्यांनी स्वतःचे वाचन आणि छंद वाचकांना किती सांगावेत?

देवघेव खिडकी (प्रश्न)

नमस्कार. सातारा जिल्ह्यात माउलींच्या पालखीच्या वाटेवर असलेल्या एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली नऊ वर्षे ग्रंथपाल आहे. वाचनालय शासनमान्य ‘ब’ वर्गाचे (अनुदानासाठी शासन वाचनालयांना ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग देते) असून मी, एक लिपिक आणि एक शिपाई असे आम्ही तिघे ते चालवतो. गेल्या महिन्यात कार्यकारी मंडळाच्या सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी असा प्रस्ताव मांडला की, प्रवेशद्वाराजवळ एक फलक लावावा, त्यावर आम्हा तिघांची छायाचित्रे असावीत आणि प्रत्येकाच्या नावाखाली त्याचे छंद, आवडती पुस्तके आणि सध्या तो काय वाचत आहे हे लिहावे; हाच मजकूर सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही टाकावा. ते मुलीकडे परदेशी गेले होते तेव्हा तेथील ग्रंथालयात त्यांनी असा फलक पाहिला होता. सभेत कोणी हरकत घेतली नाही, ठराव मंजूर झाला आणि अंमलबजावणी माझ्याकडे आली.

मूळ कल्पना मला वाईट वाटत नाही. आमच्या अभ्यासिकेत सकाळी सातपासून स्पर्धा परीक्षांची मुले जागा धरून बसतात आणि वृत्तपत्र विभागात ज्येष्ठ नागरिकांची हजेरी कधी चुकत नाही, परंतु देवघेवीच्या खिडकीशी येऊन ‘काय वाचू?’ असे विचारणारा सभासद आठवड्यातून एखादाच भेटतो. जे नियमित पुस्तके नेतात तेही ठरावीक दोन-तीन कपाटांपलीकडे जात नाहीत. आमचे बोलणे वाढले तर हे थोडे बदलेल, असे मलाही वाटते.

याला आधार म्हणून एक अनुभव सांगतो. आमचे शिपाई, ज्यांना सगळा गाव ‘भाऊ’ म्हणतो, भजनी मंडळात मृदंग वाजवतात. दोन वर्षांपूर्वी आषाढात पालखी गावातून पुढे गेल्यानंतर तीन-चार वयस्क बायका वाचनालयात आल्या आणि तुकोबांची गाथा मागू लागल्या. मी नोंदवही पाहून कपाटात अगदी समोर असलेली प्रत काढून दिली, तेव्हा भाऊंनी ती माझ्या हातून घेतली, परत ठेवली आणि खालच्या खणातून दुसरी प्रत काढली, कारण तिचा टाइप मोठा होता आणि ती उघडी ठेवली तरी पाने मिटत नव्हती. त्या बायकांपैकी दोघी पुढे सभासद झाल्या. पुस्तके कोणी वाचायची आहेत हे भाऊंना माझ्याआधी कळले होते. असे असूनही फलकाचा विषय निघताच ते म्हणाले, ‘साहेब, मी कुठं वाचतो? माझं नाव नका घालू.’

आमच्या लिपिक ताईंची अडचण निराळी आहे. त्यांना छायाचित्र लावणे पसंत नाही. त्यांनी तसे माझ्याजवळ सांगितले, सभेपुढे सांगायला मात्र त्या तयार नाहीत. माझ्या स्वतःच्या अडचणीचे थोडे हसू येईल. मी शाळेत असल्यापासून रहस्यकथा वाचतो आणि आजही रात्री झोपण्यापूर्वी तेच वाचतो, परंतु ग्रंथपालाने काहीतरी भारदस्त वाचावे अशी गावाची अपेक्षा असते, आणि फलकावर खोटे लिहिणे मला जमणार नाही.

तेव्हा ज्यांनी आपल्या ग्रंथालयात असे काही केले आहे त्यांनी कृपया सांगावे, की याचा देवघेवीवर खरोखर परिणाम होतो का, आणि कर्मचाऱ्याने आपल्याविषयी काय सांगावे व काय मुळीच सांगू नये.

कोकणातला जुना ग्रंथपाल

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचनालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो. आमच्या जिल्ह्याला १८२८ सालापासूनच्या नगर वाचनालयाचा वारसा आहे, त्यामुळे वाचनालये आणि त्यांतील माणसे यांविषयी आम्ही जरा अधिकच बोलतो, ते चालवून घ्यावे.

आपल्या प्रश्नातील खरी गोष्ट मला मृदंगवाल्या भाऊंच्या अनुभवात दिसते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. मी नोकरीला लागलो तेव्हा आमची सगळी कपाटे कुलूपबंद असत. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्याच पगारातून होईल या धास्तीने त्या काळचे ग्रंथपाल कुलपाची किल्ली कमरेला लावून हिंडत, आणि याचा वाचकांना त्रास होई हे खरेच आहे. परंतु त्या पद्धतीत वाचकाला प्रत्येक पुस्तक तोंडाने मागावे लागे, मागताना दोन शब्द बोलावे लागत, आणि आतून पुस्तक आणून देणारा शिपाई ‘हे नको, त्याचा दुसरा भाग आधी संपवा’ असे सहज सांगून जाई. पुढे आम्ही मुक्तद्वार पद्धत, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक घेण्याची पद्धत, आणली. ती आणायलाच हवी होती, पण तिच्याबरोबर हे बोलणे बंद पडले आणि त्याची भरपाई कशी करायची याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ आणि ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ ही दोन सूत्रे आपण दर १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिनी भाषणात म्हणतो, मात्र त्या दोघांची गाठ घालून देणारा माणूस खिडकीमागे मान खाली घालून शिक्के मारत बसलेला असतो.

मी फलक लावला नाही. मी एक साधे टेबल मांडले. दिवसभरात परत आलेली पुस्तके लगेच कपाटात न लावता संध्याकाळपर्यंत त्या टेबलावर ठेवायची, आणि त्यांतले एखादे आमच्यापैकी कोणी वाचलेले असेल तर त्यावर हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी ठेवायची, एवढीच व्यवस्था होती. कपाटात वर्षभर हात न लागलेले पुस्तक एकदा त्या टेबलावर आले, की पुढचे दोन-तीन महिने ते सतत कोणाच्या तरी घरी असे. दुसऱ्याने नुकतेच वाचलेले पुस्तक वाचकाला हवेसे वाटते, आणि त्यावर ओळखीचे अक्षर दिसले तर अधिकच. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांमध्ये आमचे बांधणी करणारे गृहस्थही होते. त्यांना नारळ-सुपारीच्या बागेचे वेड होते, म्हणून शेतीच्या कपाटाची जबाबदारी आपोआप त्यांच्याकडे गेली, आणि कलमांवर पडणाऱ्या रोगाविषयी विचारायला लोक वाचनालयात येऊ लागले. त्यांतील निम्मे लोक पुस्तक न घेताच जात, पण आम्ही त्याचे वाईट वाटून घेतले नाही.

एक गोष्ट मंडळाच्या सदस्यांना आवर्जून सांगावी. २०२३ मध्ये अनुदानात साठ टक्के वाढ झाली, तेव्हाही सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला पन्नास हजारांच्या आतच अनुदान मिळत होते. त्यातील निम्मी रक्कम वेतनाची धरली, तर तेथील ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार रुपयेही नीट पडत नव्हते. ‘ब’ वर्गाची स्थिती यापेक्षा बरी असली तरी फार बरी नाही. अशा माणसाकडे त्याचे काम मागता येते. त्याचे छंद, त्याचे घर आणि त्याचा चेहरा ठराव करून मागता येत नाही. त्याने आपणहून दिले तर आनंदाने घ्यावे.

आणि रहस्यकथांचे म्हणाल तर निःसंकोच लिहा. आमच्याकडे सर्वांत अधिक झिजलेली, तीन-तीनदा बांधणी झालेली पुस्तके तीच होती.

गोदाकाठची वाचक-सेविका

मी नाशिकमधील एका वाचनालयाच्या बालविभागात काम करते. आधीच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण लिपिक ताईंचा मुद्दा त्यात ओझरता आला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी असाच फलक लागला होता. माझ्या छायाचित्राखाली माझे पूर्ण नाव, माझे माहेरचे गाव, ‘छंद : रांगोळी, गडभ्रमंती’ असा मजकूर होता, आणि व्हॉट्सअ‍ॅप गटामुळे माझा भ्रमणध्वनी क्रमांक सभासदांकडे आधीपासूनच होता. त्यानंतरच्या महिन्यात रात्री साडेदहानंतर मला जे संदेश येऊ लागले, त्यांत पुस्तकांविषयी एकही नव्हता. एका गृहस्थांनी ‘पुढच्या रविवारी कोणत्या गडावर?’ असे लागोपाठ तीन दिवस विचारले. मंडळाला सांगितल्यावर ‘चांगल्या घरचे आहेत, सहज विचारले असेल’ असे उत्तर मिळाले. फलक शेवटी उतरवला गेला, पण तो त्या भिंतीला रंग द्यायचा होता म्हणून.

तेव्हा ताईंनी सभेपुढे बोलावे अशी अपेक्षा धरू नका. ‘छायाचित्रे कोणाचीच नकोत’ असे तुम्ही ग्रंथपाल या नात्याने सरळ सांगा, म्हणजे त्या एकट्या पडणार नाहीत. गटावर संदेश जायचे असतील तर ते वाचनालयाच्या क्रमांकावरून जावेत, कोणाच्या वैयक्तिक क्रमांकावरून नव्हे. नावाऐवजी ‘बालविभागातून’, ‘खिडकीवरून’ असे लिहिले तरी चालते, कारण ज्यांना ओळखायचे ते अक्षरावरून ओळखतातच.

काय सांगू नये, याची माझी यादी छोटी आहे. गाव, जात, उपास-व्रते, लग्न झाले की नाही, मुले किती, कोणत्या पक्षाच्या सभेला गेलो होतो, यांतले काहीही चिठ्ठीत येऊ देऊ नये. राजकारणावरचे पुस्तक सुचवायला हरकत नाही, पण ‘हे वाचून पटले’ असे लिहिण्यापेक्षा ‘त्या काळातील अमुक प्रश्नाची माहिती यात सविस्तर आहे’ असे लिहावे. वाचनालय सगळ्या गावाचे असते आणि शेजारच्या खणात त्याच्या उलट मताचे पुस्तकही असते.

यापेक्षाही मोठी चूक माझ्या हातून घडली, ती सांगते. मी एका चिठ्ठीवर कौतुकाने लिहिले, ‘आपल्या भागातील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी हे पुस्तक दोन दिवसांत वाचून काढले.’ ते पुस्तक आजारपणातील मनःस्थितीविषयी होते. आमच्या भागात निवृत्त मुख्याध्यापक दोनच आहेत आणि त्यांतील एक वाचनालयात येत नाहीत. सर मला काही बोलले नाहीत, फक्त पुढचे दोन महिने ते आले नाहीत. कोणी काय नेले हे देवघेवीच्या नोंदीत असते आणि ते तेथेच राहिले पाहिजे. आपण आपल्या आवडीविषयी बोलावे, सभासदाच्या आवडीविषयी कधीही नाही.

आता जमलेल्या गोष्टीविषयी. सुरुवात करायची असेल तर दिवाळी अंकांपासून करा. मराठीत १९०९ पासून ही परंपरा आहे आणि आपल्या वाचनालयांत स्वतंत्र वर्गणी घेऊन अंक फिरवण्याची योजना असतेच. त्या दोन-तीन महिन्यांत एरवी गप्प असणारा सभासदसुद्धा ‘यंदा कोणता चांगला निघाला?’ असे विचारतो, म्हणजे कर्मचाऱ्याचे मत त्याला स्वतःहून हवे असते. आम्ही अंकाच्या मुखपृष्ठाच्या आत एक कोरा कागद डकवतो आणि त्यावर प्रथम आमच्यापैकी कोणीतरी ‘पान अमुकवरील कथा सोडू नका’ एवढेच लिहितो. पुढे वाचक आपापली भर घालतात आणि आमच्याशी भांडतातही. गेल्या वर्षी मी नावाजलेल्या एका कथेखाली कोणीतरी ‘शेवट अगदी बाळबोध’ असे लिहिले होते आणि त्याखाली तिसऱ्याने ‘तुम्हाला कळला नाही’ असे. त्या अंकाची मागणी शेवटपर्यंत टिकली.

कार्यवाह, एक तालुका वाचनालय

मी मंडळाच्या बाजूचा माणूस आहे, त्यामुळे थोडे कोरडे बोलतो. आमच्याकडे फलक लागला, पंधरा दिवस लोकांनी पाहिला आणि त्यानंतर अकरा महिने त्यावर ‘सध्या वाचत आहे’ या शीर्षकाखाली तेच एक पुस्तक होते. एका सभासदाने विचारले, ‘अजून संपलं नाही का?’ जो मजकूर दर आठवड्याला बदलणे तुम्हाला शक्य नसेल तो लिहूच नका. परिणाम होतो की नाही हे पाहायचे असेल तर चिठ्ठी ठेवलेल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक (नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला मिळालेला क्रमांक) वेगळ्या वहीत लिहा आणि तीन महिन्यांनी त्यांची देवघेव आधीच्या तीन महिन्यांशी ताडून पाहा. मंडळाला दाखवायला आकडा हाती राहील. अभ्यासिकेतील मुले यामुळे कथा-कादंबऱ्या वाचू लागतील या आशेवर मात्र राहू नका. त्यांना जागा, वीज, पाणी आणि शांतता हवी असते आणि त्यात काही चूक नाही.

सरोवराकाठून

मी कॅनडात, ऑन्टारिओ प्रांतातील एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत नोकरी करते. आपल्या ज्येष्ठ सदस्यांनी पाहिला तसा फलक आमच्याकडेही आहे, म्हणून त्यामागे काय असते ते सांगते.

उत्तर अमेरिकेतील ग्रंथालयांत कर्मचाऱ्यांनी सुचवलेल्या पुस्तकांचे वेगळे कपाट ठेवण्याची किंवा पुस्तकाखाली फळीला लहान कार्ड लावण्याची पद्धत सर्रास आढळते, आणि कार्डावर बहुधा फक्त पहिले नाव असते. छंदांचा उपयोगही कामासाठीच होतो. माझी एक सहकारी विणकाम करते, म्हणून दर बुधवारी दुपारी तिच्याभोवती विणणाऱ्या बायकांचा आणि दोन पुरुषांचा गट जमतो. आमचा एक सहकारी पक्षी पाहतो, म्हणून वसंतात स्थलांतर सुरू झाले की तो खिडकीजवळ दुर्बीण आणि नोंदवही ठेवतो. त्याच्या घरी कोण आहे हे मला सहा वर्षांत कळलेले नाही, पण शेजारच्या तळ्यावर कोणते बदक केव्हा येते हे अर्ध्या वस्तीला त्याच्यामुळे ठाऊक आहे. आपल्या भाऊंच्या मृदंगालाही अशी जागा देता येईल, असे मला वाटते.

दुसरे म्हणजे, आम्हाला प्रशिक्षणात असे सांगितले जाते की, वाचकाला आपले आवडते पुस्तक लगेच सांगू नये. आधी ‘अलीकडे वाचलेले कोणते पुस्तक तुम्हाला आवडले आणि त्यातले काय आवडले?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे. प्रारंभी मला हे फार औपचारिक वाटले होते. मग एकदा एका वृद्ध गृहस्थांनी ‘छोटी प्रकरणे होती, औषधाच्या वेळांमध्ये बसत होती’ असे उत्तर दिले आणि माझ्या मनात तयार असलेली तिन्ही नावे बाद झाली.

माझ्या बिल्ल्यावर मला येणाऱ्या भाषा लिहिलेल्या आहेत, त्यांत मराठी आहे. नातवंडांना सांभाळायला सहा महिन्यांसाठी आलेल्या एक काकू मुलांच्या विभागात नुसत्या बसून असत. त्यांनी तो बिल्ला वाचला आणि माझ्यापाशी येऊन ‘तुम्ही कुठल्या हो?’ असे विचारले. वरच्या प्रतिसादातील नाशिकच्या ताईंचा अनुभव वाचल्यावर मला हे कबूल केले पाहिजे की, त्या दिवशी मी गाव सांगितले, माहेर सांगितले आणि सासरही सांगितले. आमच्या शाखेत मराठी पुस्तके नव्हती, म्हणून मी घरून चार दिवाळी अंक आणून दिले. ते नियमात बसते की नाही याची मी चौकशी केली नाही. काकू परत जाण्यापूर्वी त्यांच्या ओळखीच्या आणखी तिघी जणी शुक्रवारी सकाळी येऊ लागल्या होत्या आणि त्या एकमेकींना वाचून दाखवत असत.

देवघेव खिडकी (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला दोन महिने लागले, कारण आपल्या सूचना करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे मी ठरवले होते.

पुढच्या सभेत मी छायाचित्रे नकोत असे माझ्या नावाने सांगितले. ज्येष्ठ सदस्य थोडे नाराज झाले, परंतु फलकाऐवजी टेबल मांडण्यास त्यांनी मान्यता दिली आणि टेबल स्वतःच्या घरून पाठवले. कार्यवाह साहेबांच्या सूचनेप्रमाणे वेगळी वही घातली आहे. आतापर्यंत बावीस पुस्तकांवर चिठ्ठ्या ठेवल्या. त्यांतील चौदा एकदा तरी बाहेर गेली, त्यापूर्वीच्या दोन महिन्यांत ती संख्या पाच होती. एवढ्यावरून काही सिद्ध होते असा माझा दावा नाही, शिवाय मधे शाळांना सुटी होती. अभ्यासिकेतील मुलांनी टेबलाकडे पाहिलेही नाही, फक्त एकाने माझ्या चिठ्ठीची रहस्यकथा नेली आणि परीक्षा जवळ आली म्हणून न वाचताच परत केली.

लिपिक ताई आता सर्वांत जास्त चिठ्ठ्या लिहितात. त्यांना जुन्या पाककृतींची आणि घरगुती औषधांची पुस्तके आवडतात हे मला नऊ वर्षांत माहीत नव्हते. त्या खाली ‘खिडकीवरून’ एवढेच लिहितात, आणि सभासदांनी ते अक्षर माझे समजून ‘साहेब, तुमच्या मेतकुटाचं प्रमाण चुकलंय’ अशी तक्रार माझ्याकडे केली. ती तक्रार मी ताईंपर्यंत पोहोचवली. प्रमाण पुस्तकातलेच चुकले होते.

भाऊ अजूनही ‘मी वाचत नाही’ असेच म्हणतात. लिहायला ते तयार नव्हते, म्हणून त्यांनी सांगितले आणि ताईंनी लिहून घेतले. त्यांची पहिली चिठ्ठी गाथेच्या त्या प्रतीवर आहे : ‘टाइप मोठा आहे. मांडीवर उघडी राहते. चाल विचारायची असेल तर एकादशी सोडून कधीही या.’ गेल्या सोमवारी चाल विचारायला पाच जण आले होते, आणि वृत्तपत्र विभागातून ‘जरा हळू’ अशी सूचना आल्यामुळे त्यांना मागच्या पडवीत बसवावे लागले. आता पुढच्या सोमवारसाठी पडवीतली जुनी मासिकांची गाठोडी कोठे हलवायची, हा प्रश्न आहे. कोणाकडे वाळवीपासून सुरक्षित अशी स्वस्त व्यवस्था असेल तर कळवावे.